कै. लक्ष्मीबाई टिळक व त्यांची बिऱ्हाडे

सन १९१७ साली रेव्ह. नारायण वामन टिळक ह्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला, संन्यास घेतला आणि नगर सोडून ते सातारा शहरी येऊन राहिले. तेथे त्यांनी आपला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले व न झालेले, परंतु प्रभू येशूस गुरू मानणारे असे सर्व लोक एका कुटुंबाप्रमाणे एकत्र यावेत, ही त्यांची त्यामागील इच्छा होती. ही हकीकत आपल्या मंडळ्यांत पुष्कळांस ठाऊक आहे. सातारा, सांगली, मिरज ह्या बाजूस ज्या ज्या गावी भजनास टाळ वाजतो, त्या त्या गावी टिळकांचे नाव निघतेच, व 'उपासना संगीत' उघडले की पानोपानी त्यांची गीते भेटतात. परंतु त्यांनी पगार सोडला त्या दिवशी घरातील चुलीपुढे कोण बसले होते, व पुढच्या महिन्याचे धान्य कोठून आणावे हा विचार कोणाच्या माथी पडला, हे विचारणारे थोडे. ती बाई म्हणजे लक्ष्मीबाई. त्या समयी त्यांचे वय एकोणपन्नास वर्षांचे होते, आणि लग्नानंतर किती वेळा चूल मोडून नवी घातली ह्याची गणती त्यांना स्वतःलाही करता आली असती की नाही, ह्याची शंकाच आहे.

वाचकहो, आपल्या उपदेशकांच्या बायकांना बदली म्हणजे काय हे सांगावयास नको. भांडी बांधावी, कोंबड्या शेजारणीस द्याव्या, मुलांची शाळा मोडावी, नव्या गावी पाणवठा कोठे, उधार देणारा वाणी कोण, हे पुन्हा पहिल्यापासून शिकावे. ज्यांनी हे केले आहे त्यांना लक्ष्मीबाईंचे चरित्र परके वाटणार नाही. म्हणूनच ते येथे जरा विस्ताराने सांगत आहो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळ गोदावरीच्या काठी असलेल्या जलालपूर गावी गोखले ह्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. घरात सर्व मनू म्हणत. ह्या घरावर एका भयंकर प्रसंगाची छाया होती. १८५७ सालच्या बंडाच्या धामधुमीत मनूच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्याचा धक्का तिच्या वडिलांच्या मनास असा बसला की, विटाळाच्या भीतीने त्यांना पुरते ग्रासून टाकले. बाजारातून आलेले धान्य धुवावयाचे, कपडे धुवावयाचे, पुन्हा कोणाचा स्पर्श झाला की पुन्हा धुवावयाचे. घरातील बायकामुलांचा अर्धा दिवस नदीवरच जाई. मनूचे बालपण ह्या सोवळ्यात भिजले. शाळा तिने पाहिली नाही. पुढे जिने दुष्काळातील सर्व जातींच्या लेकरांना आपल्या पंक्तीस बसविले ती हीच मुलगी, हे ध्यानात ठेवले म्हणजे तिला किती लांबची वाट चालावी लागली ते समजेल. गावोगावच्या बिऱ्हाडांचा प्रवास त्या मानाने जवळचाच म्हणावयाचा.

अकराबारा वर्षांची असताना तिचे लग्न टिळकांशी झाले व मनूची लक्ष्मी झाली. टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली झालेला. बुद्धी तीव्र, अंतःकरण कोमल, वाणी रसाळ. पण एके ठिकाणी स्थिर राहणे हा गुण देवाने त्यांना दिला नव्हता. आज येथे शिक्षक तर उद्या तेथे कीर्तनकार. कित्येकदा घरी न सांगताच ते निघून जात आणि मग महिनेच्या महिने त्यांचा पत्ता नसे. त्या दिवसांत लक्ष्मीबाई कधी सासरी, कधी माहेरी, कधी बहिणीकडे राहत. नवरा परत आला की पुन्हा बिऱ्हाड मांडावे आणि ते अंगवळणी पडते न पडते तोच मोडावे. नाशिक, वणी, नागपूर, राजनांदगाव अशी ही गावे एकापुढे एक येत गेली. नागपुरास श्रीमंत बुटी ह्यांच्या आश्रयाने टिळकांना ग्रंथांचे व मासिकाचे काम मिळाले, तेव्हा थोडी स्वस्थता लाभली. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख करून देण्याचा उद्योगही टिळकांनीच केला. मात्र गुरूला धीर कमी व शिष्येला घरकाम फार, त्यामुळे तो अभ्यास नेहमी अर्ध्यावरच राही.

पैशांची गोष्ट तर विचारूच नये. टिळकांच्या हातात रुपया टिकत नसे. वाटेत गरजू भेटला की त्यास देऊन मोकळे. घरचा जिन्नस आणावयास गेलेला गृहस्थ एखादी बिनकामाची वस्तू घेऊन हसत परत येई, आणि स्वयंपाक अडून राही. लक्ष्मीबाई रागावत, भांडत, आणि थोड्या वेळाने स्वतःच हसू लागत. हे हसणे त्यांच्या स्वभावातील मोठे धन होते. पोटची लेकरे दगावण्याचे दुःखही त्यांनी ह्याच वर्षांत सोसले. १८९१ साली झालेला दत्तू मात्र वाचला. त्याच्यावर त्यांचा सर्व जीव.

इतके दिवस नवरा कोठेही गेला तरी परत येतो, ह्या विश्वासावर ही बाई उभी होती. १८९५ साली तो आधारही तुटला. १८९३ मध्ये नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली होती. ती वाचता वाचता, विशेषतः डोंगरावरील प्रवचन वाचून, त्यांचे मन प्रभूकडे ओढले गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्या वेळी मुलाला घेऊन माहेरच्या माणसांत होत्या. त्यांना ही बातमी दुसऱ्यांच्या तोंडून समजली.

येथे आम्हांस आपले मत स्पष्ट सांगितले पाहिजे. टिळकांनी सत्य ओळखून पाऊल टाकले ह्याबद्दल आपण देवाचे आभार मानतो. पण त्या पावलाखाली एक जिवंत बाई चिरडली गेली, हेही खरे आहे. नवरा हयात असून तिला विधवेहून वाईट दशा आली. विधवेला निदान रडता येते; हिला रडण्याचीही लाज. नातलगांना ती जिवाचे काही बरेवाईट करून घेईल असे भय वाटे. पुढे बहीण व मेहुणे पेंडसे ह्यांच्या आश्रयाने ती पंढरपुरास राहिली. ज्या वाटेने सांगली-मिरजेकडचे वारकरी दरसाल पंढरीस जातात, त्या वाटेच्या शेवटी चंद्रभागेच्या तीरी ही ब्राह्मणाची लेक चार वर्षांच्या मुलाला जवळ घेऊन दिवस ढकलीत होती. दुःखाचा असा भार झाला की तो कवितेच्या रूपाने बाहेर पडू लागला. ज्या बाईला शाईने अक्षर उमटविणे कठीण जाई, तिच्या ओठी ओव्यांसारख्या ओळी येऊ लागल्या. मराठी वाङ्मयात तिची जागा झाली तिचा पाया ह्या दिवसांत पडला असे म्हणावयास हरकत नाही.

टिळकांनी बळजबरी केली नाही. मुलावर हक्क सांगून त्याला ओढून नेले नाही. पत्रे येत-जात राहिली, भेटी झाल्या, आणि सुमारे चारपाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाईंनी नवऱ्याकडे जाण्याचे ठरविले. हे ठरविणे सोपे नव्हते. जाते आहे ती बायको म्हणून, ख्रिस्ती म्हणून नव्हे, अशी त्यांची समजूत स्पष्ट होती. नगरास येऊन त्यांनी आपली चूल वेगळी ठेवली, पाणी वेगळे ठेवले. एका कुटुंबात दोन धर्म आणि दोन स्वयंपाक असा तो संसार चालला. शेजारी ख्रिस्ती मंडळी. त्यांच्या सावलीलाही जपावयाचे, आणि त्यांच्याच बायका आजारपणात धावून येणार! ज्याने अशी घरे पाहिली आहेत त्यालाच ह्यातील ओढाताण कळेल. टिळकांची ह्या काळातील सहनशीलता मात्र खरोखर वाखाणण्याजोगी होती. नगर येथील धर्मशिक्षणाच्या शाळेत ते इतरांना शिकवीत. घरात बायकोला त्यांनी उपदेश कमी व मोकळीक अधिक दिली.

लक्ष्मीबाईंचे मन पालटले ते वादाने नव्हे. जातीचा भेद देवाने केला की माणसाने, हा एकच प्रश्न त्या स्वतःशी उलटसुलट करीत राहिल्या. माणूस देवाने निर्माण केला, परंतु उंचनीच माणसांनी ठरविले, असे एकदा मनास पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास आरंभ केला. बापाच्या घरी धुऊन धुऊन अंगात मुरलेले सोवळे त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून ठेवले. कोणी ओढून काढले असते तर ते पुन्हा अंगावर आले असते. ह्यानंतर बाप्तिस्म्यास फार दिवस लागले नाहीत. १९०० साली राहुरी येथे डॉ. बॅलंटाइनसाहेबांच्या हातून त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ते वर्ष मोठ्या दुष्काळाचे होते. नगर जिल्ह्यात गुरे मेली, माणसे देशोधडीस लागली, आईबापांवाचून राहिलेली लेकरे मिशनच्या दारी येऊन पडली. टिळक अशी मुले घरी घेऊन येत, आणि आणल्यावर पुढचे सर्व लक्ष्मीबाईंकडे. न्हाऊ घालणे, उवा काढणे, खरूज धुणे, भाकरी थापणे, भांडणे तोडणे ही कामे गीतात येत नाहीत. पण ती कोणी केली नसती तर टिळकांच्या दयाळूपणाचा त्या लेकरांना फारसा उपयोग झाला नसता. नगरास प्लेगची साथ आली तेव्हाही लक्ष्मीबाई रोग्यांच्या शुश्रूषेत मागे राहिल्या नाहीत. तारा नावाच्या मुलीला त्यांनी पोटच्या लेकीप्रमाणे वाढविले. पुढे त्र्यंबक बापूजी ठोमरे हा तरुण कवी नगरास त्यांच्या घरी येऊन राहिला. महाराष्ट्र त्याला बालकवी म्हणून ओळखतो. लक्ष्मीबाईंच्या घरी तो एक लाडका, हट्टी, हळवा मुलगा होता. त्याचे रुसणे काढणे हेही त्यांच्या कामांपैकी एक काम झाले.

नगरची ही वर्षे त्यांच्या आयुष्यात सर्वांत लांब पल्ल्याची. १९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून 'ज्ञानोदया'चे मराठी अंग त्यांच्या हाती आले. घरात माणसांची वर्दळ, नाव मोठे, आणि पगार ठरलेला. कोणाही गृहिणीला वाटावे की आता हातपाय पसरावे. दत्तू मोठा झाला होता. अशा वेळी टिळकांनी पुन्हा सर्व सोडले.

म्हणजे देवाच्या शोधात नवऱ्याने घर सोडावे हा प्रसंग ह्या बाईवर दोनदा आला. पहिल्या वेळी ती सव्वीस वर्षांची, निराधार, निरक्षरप्राय होती आणि तिला काही विचारले गेले नव्हते. दुसऱ्या वेळी ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर होती, आणि आता तिला स्वतःचे मत होते. महायुद्ध चालू होते, धान्य महाग झाले होते. मिशनचा पगार नाही म्हणजे काय, हे टिळकांना जितके कळत होते त्याहून लक्ष्मीबाईंना अधिक कळत होते. संन्यासी झालेल्या पुरुषाच्या बायकोने कोठे जावे ह्याविषयी आपल्या देशात जुनी रीत आहे. तिने माहेरी किंवा मुलाकडे जावे. लक्ष्मीबाई सातारला गेल्या. नगराहून यावयाचे तर दौंड, पुणे असा आगगाडीचा फेरा करून शहरापासून दूर असलेल्या सातारा रोड स्टेशनावर उतरावयाचे व तेथून टांग्याने गाव गाठावयाचे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या त्या गावात संन्याशाच्या आश्रमाला त्यांनी घराचे रूप दिले. टिळकांनीही बायकोला दूर लोटणारा जुना संन्यास घेतला नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. दरबारात येणाऱ्यांशी देवाच्या गोष्टी टिळक बोलत. ते जेवून जाणार की नाही ही विचारपूस लक्ष्मीबाईंची. येणारा कोणत्या जातीचा, बाप्तिस्मा झालेला की नाही, हे त्या पंक्तीत विचारले जात नसे. जलालपूरच्या मनूने सातारला हे ताट वाढले, एवढ्याकरिताच आम्हांस सातारचे ते बिऱ्हाड त्यांच्या सर्व बिऱ्हाडांत मोठे वाटते.

दरबार फार दिवस चालावयाचा नव्हता. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवी गेले. वय अवघे सत्तावीस वर्षांचे. ह्या घराने तो मुलगाच गमावला. टिळकांची प्रकृतीही ढासळत चालली. शेवटी उपचारासाठी त्यांना मुंबईस न्यावे लागले, आणि ९ मे १९१९ रोजी तेथे त्यांचा अंत झाला.

ह्यानंतर लक्ष्मीबाईंना कोणाच्या मागे जावयाचे नव्हते, तरी स्थलांतरे सुटली नाहीत. काही दिवस त्यांनी मुंबईस मुलींच्या वसतिगृहाचे काम पाहिले. मग दत्तूच्या, म्हणजे देवदत्तांच्या, नोकरीमुळे कराचीस राहणे झाले. त्या समयी सिंध प्रांत मुंबई इलाख्यातच मोडत असे, आणि मराठी माणसे नोकरीधंद्यानिमित्त तेथे बरीच होती. गोदावरीकाठची ही बाई म्हातारपणी समुद्राकाठी नातवंडे खेळवू लागली, आणि तेथील मराठी बायकामाणसांतही पूर्वीइतकीच रमली. शेवटी नाशिकास, जन्मगावाच्या अगदी जवळ, त्यांचे अखेरचे बिऱ्हाड झाले.

टिळकांचे चरित्र लिहावयाचे देवदत्तांच्या मनात होते. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून देण्यास सांगितले. जोडाक्षरांशी अडखळणारी ती आई लिहू लागली, आणि लिहिता लिहिता नवऱ्याच्या चरित्राबरोबर तिचे स्वतःचेच चरित्र कागदावर उतरले. 'संजीवनी' साप्ताहिकातून ह्या आठवणी वाचकांपुढे आल्या, व १९३४ ते १९३६ ह्या वर्षांत 'स्मृतिचित्रे' ह्या नावाने चार भागांत छापून निघाल्या. त्यांत पंढरपूरचे दुःख आहे, पण कोणाविषयी कडूपणा नाही. नवऱ्याची फजिती आहे तशी स्वतःचीही आहे. घरात बोलतात तशी साधी भाषा. त्यामुळे मोठमोठ्या पंडितांनीही ते पुस्तक डोक्यावर घेतले, आणि आजही मराठी आत्मचरित्रांत त्याला पहिल्या रांगेत बसवितात. १९५० साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले, त्याला मी मागून येते अशा अर्थाचे नाव दिलेले आहे. नाव गोड आहे, पण आम्हांस ते पुरते पटत नाही. मागून आल्या हे खरे. परंतु पंढरपुराहून निघताना व नगराहून निघताना, दोन्ही वेळा, कधी निघावयाचे व कोणत्या अटीवर राहावयाचे हे त्यांनी स्वतः ठरविले.

कधीच शाळेत न गेलेली ही बाई १९३३ साली नागपुरास भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाची अध्यक्षा झाली. ज्या नागपुरात नवऱ्याने तिला अक्षरे गिरवावयास लावली, त्याच नागपुरात!

टिळकांनी प्रभूचे चरित्र ओवीबद्ध काव्यात लिहावयास घेतले होते. 'ख्रिस्तायन' असे त्याचे नाव. साडेदहा अध्याय झाले आणि लेखणी थांबली. ते अपुरे बाड लक्ष्मीबाईंनी प्रत्येक बिऱ्हाडी बरोबर वागविले आणि उतारवयात स्वतः पुढे लिहावयास घेतले. अर्धा राहिलेला अकरावा अध्याय त्यांनी पुरा केला व त्यापुढे आणखी चौसष्ट अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकास त्या प्रभूच्या घरी गेल्या तेव्हा एकच अध्याय उरला होता. तो शहात्तरावा अध्याय देवदत्तांनी लिहिला, आणि १९३८ साली ग्रंथ छापून बाहेर पडला.